लाटांना न जुमानणारं राजापूर

१९७१ च्या मार्चमध्ये लोकसभेचे निकाल लागले, तेव्हा महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा इंदिरा गांधींच्या काँग्रेसने जिंकल्या होत्या. ‘गरिबी हटाव’ या दोन शब्दांपुढे भलेभले विरोधी पुढारी टिकले नाहीत. उरलेल्या तीन जागांपैकी नागपूर जांबुवंतराव धोट्यांनी घेतलं, एक जागा रिपब्लिकन पक्षाला मिळाली आणि तिसरी होती राजापूरची. तिथून प्रजा समाजवादी पक्षाचे मधू दंडवते निवडून आले. अख्ख्या देशात त्या पक्षाला मिळालेल्या जागा दोनच. दुसरी बंगालमधल्या कांथीची, समर गुहांची. तीही समुद्रकाठचीच.

हा एकच निकाल असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण १९६२ मध्ये राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसकडे गेल्या, तेव्हाही राजापूर गेलं नव्हतं. १९८० मध्ये इंदिराबाई सत्तेवर परतल्या आणि महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ जागा त्यांना मिळाल्या, तेव्हाही नाही. १९८४ मध्ये इंदिराबाईंच्या हत्येनंतर राजीव गांधींना सहानुभूतीचा पूर आला, ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसच्या झाल्या. राजापुरात पुन्हा दंडवतेच. १९५७ पासून १९९१ पर्यंत, ३४ वर्षं, या मतदारसंघाने दोनच माणसं दिल्लीला पाठवली आणि दोघंही समाजवादी. ज्या पक्षाकडे पैसा नाही, साखर कारखाने नाहीत, सत्तेवर येण्याची फारशी शक्यता नाही, त्या पक्षाला एक गरीब, आडबाजूचा मुलूख इतकी वर्षं मत देत राहिला. महाराष्ट्राच्या राजकारणाच्या इतिहासात याला तोड नाही, आणि त्याबद्दल आपण पुरेसं लिहिलेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

राजापूर हे अर्जुना नदीकाठचं जुनं बंदर. इंग्रजांची वखार तिथे होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली होती. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडलं. मतदारसंघाला नाव या गावाचं मिळालं, पण त्याचा विस्तार होता दक्षिणेकडे, थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत: विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बंदरं, आत कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. १९८१ च्या १ मे रोजी मुख्यमंत्री अंतुल्यांनी रत्नागिरी जिल्हा तोडून सिंधुदुर्ग वेगळा केला, त्याआधी हे सगळं रत्नागिरी जिल्ह्याचं दक्षिण टोक होतं. डोंगर, कातळ, भाताचे चिंचोळे मळे, आंबा-काजू आणि मासळी. रेल्वे नाही. मुंबईला जायचं तर बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की घाटाघाटांतून एस.टी.ने.

घरटी एक तरी पुरुष मुंबईत. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी पोस्टात, कुणी कुणाच्या पेढीवर. गावात राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं, आणि महिन्याकाठी पोस्टमन आणील ती मनीऑर्डर. २००१ च्या जनगणनेतसुद्धा सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०७९ बायका होत्या आणि रत्नागिरीत ११३६. देशात एकूण बायकांची संख्या कमी असताना इथे ती जास्त, कारण पुरुष परगावी. तेव्हा राजापूरच्या मतदारयादीकडे पाहताना हे ध्यानात ठेवायला हवं की इथल्या मतदान केंद्रांवरच्या रांगा बऱ्याचशा बायकांच्या होत्या. नाथ पै आणि दंडवते यांना दिल्लीला पाठवण्यात त्यांचा वाटा मोठा होता, पण त्यांची नोंद कुठल्या भाषणात की पुस्तकात ठळकपणे आलेली नाही.

समाजवादी इथे रुजले कसे? पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस म्हणजे नुसता पक्ष नव्हता. ऊस, साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था अशी ती एक सलग व्यवस्था होती. शेतकऱ्याचं कर्ज, त्याच्या उसाची तोड, मुलाची नोकरी सगळं तिच्यातून जायचं. कोकणात ऊस नव्हता, म्हणून कारखाना नव्हता, म्हणून ही व्यवस्थाही उभी राहिली नाही. काँग्रेसच्या पुढाऱ्याला द्यायला फारसं काही नव्हतं आणि घेणाऱ्याला मिंधं होण्याचं कारण नव्हतं. खोतीने पिढ्यान्‌पिढ्या पिळलेली कुळं १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर हळूहळू ताठ उभी राहत होती. आणि मुंबईहून पगार पाठवणाऱ्या माणसाचं घर गावातल्या बड्या घरावर अवलंबून नव्हतं. मिंधेपण नसलेला गरीब माणूस मनासारखं मत देऊ शकतो. हे भांडवल समाजवाद्यांना आयतं मिळालं.

पण आयतं मिळालेलं टिकवावं लागतं, आणि ते टिकवलं शिक्षकांनी. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यात १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, महाराष्ट्रातल्या मोठ्या सत्याग्रहांपैकी तो एक. त्याच शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर मुलांना शिकवत होते. कणकवलीजवळ अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी आश्रम काढला, भंगीमुक्तीचं आणि सोनखताचं काम स्वतःच्या हातांनी केलं. साने गुरुजींच्या प्रेरणेने राष्ट्र सेवा दलाच्या शाखा गावोगाव निघाल्या. त्या शाखांतली मुलं पुढे मास्तर झाली, कारकून झाली, गिरणीतल्या युनियनमध्ये गेली. निवडणूक आली की पक्षाने पैसे पाठवण्याची वाट न पाहता ही माणसं सायकल काढून, होडीत बसून, नाहीतर पायी निघायची.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मात्र रत्नागिरी जिल्ह्याने काँग्रेसलाच कौल दिला होता. आझाद हिंद सेनेतले सेनानी जगन्नाथराव भोसले, मूळचे सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे, याच जिल्ह्यातून लोकसभेत गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. चित्र पालटलं ते १९५७ ला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राची मागणी पेटली होती, मुंबईत गोळीबारांत माणसं मेली होती, आणि त्या मुंबईतला गिरणगाव म्हणजे निम्मं कोकणच होतं. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाने त्या वर्षी जनसंघाच्या प्रेमजीभाई आशर यांना निवडून दिलं. देशभरात जनसंघाचे तेव्हा चारच खासदार आले. त्यांतले एक अटलबिहारी वाजपेयी आणि एक हे रत्नागिरीचे. मराठी राज्याच्या चळवळीच्या वर्षी मराठी मुलखाने एका गुजराती आडनावाच्या माणसाला डोक्यावर घेतलं, ही गोष्ट त्या चळवळीबद्दल बरंच काही सांगते. आणि राजापुरातून आले बॅरिस्टर नाथ पै.

नाथ पैंचा जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२ चा. शिक्षण बेळगावात. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगवास, मग लंडनला जाऊन बॅरिस्टरी. तिथून ते युरोपातल्या समाजवादी तरुणांच्या चळवळीत गेले आणि समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियन. असा माणूस चौतिसाव्या वर्षी कोकणातल्या लाल धुळीत मतं मागायला उतरला. गॅसबत्तीच्या उजेडात, देवळाच्या मांडवात, नाहीतर बंदरावरच्या वाळूत सभा. मालवणीत बोलायला लागले की लोकांना वाटायचं हा ‘आपलो माणूस’, आणि लोकसभेत इंग्रजीत बोलायला उभे राहिले की सभागृह भरायचं. सरकारी बाकांवरचे लोकही त्यांना ऐकायला थांबत.

एका गोष्टीचं मला नेहमी अप्रूप वाटत आलं आहे. या माणसाने मतदारसंघाला द्यायला विकासकामांची यादी कधी आणली नाही. खासदार निधी तेव्हा नव्हता, आणि विरोधी पक्षातल्या खासदाराच्या हातात सत्ता नव्हती. कोकण रेल्वेची मागणी त्यांनी संसदेत लावून धरली, पण रेल्वे काही आली नाही. तरीही १९६२ मध्ये आणि १९६७ मध्ये लोकांनी त्यांनाच पाठवलं. १९६२ ची गोष्ट तर विशेष. महाराष्ट्र राज्य झालं होतं, संयुक्त महाराष्ट्र समितीचा उद्देश संपला होता, यशवंतराव चव्हाणांची काँग्रेस ऐन बहरात होती. शेजारच्या रत्नागिरीने जनसंघाला सोडून काँग्रेसच्या शारदा मुखर्जींना निवडून दिलं. एकाच जिल्ह्यातले दोन मतदारसंघ, चळवळ एक, दारिद्र्य एक. उत्तरेचा चळवळ संपताच सत्तेकडे वळला, दक्षिणेचा वळला नाही. फरक नाथ पैंच्या व्यक्तिमत्त्वाचा होता हे उघड आहे. पण दक्षिणेच्या लोकांना आपल्या माणसाने संसदेत काय बोलावं याची फिकीर होती, असंही मी म्हणेन. ‘आमचा बॅरिस्टर’ दिल्लीत नेहरूंपुढे उभा राहून बोलतो, ही गोष्ट भाताच्या मळ्यात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःची वाटत होती.

१९६७ चं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. त्या वर्षीच्या २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. जमीन सुधारणांचे कायदे त्यामुळे अडचणीत येण्याची भीती होती. नाथ पैंनी एप्रिलमध्ये खासगी विधेयक आणलं: संसदेला घटनेतलं कुठलंही कलम, मूलभूत हक्कांचंसुद्धा, दुरुस्त करण्याचा अधिकार असला पाहिजे. विरोधी बाकावरच्या एका खासदाराचं विधेयक, पण त्यावर संयुक्त समिती बसली, देशभर वाद झाला. त्यांच्या स्वतःच्या गोटातले काही जण विरोधात गेले, कारण उद्या हाच अधिकार हुकूमशहाच्या हाती गेला तर काय, ही शंका खरी होती. विधेयक त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसाव्या घटनादुरुस्तीने जवळपास तेच केलं, आणि चारच वर्षांनी आणीबाणीत ती शंका किती रास्त होती हेही दिसलं. नाथ पैंचा विश्वास निवडून दिलेल्या प्रतिनिधींवर होता, कारण त्यांनी आयुष्यभर निवडून देणारी माणसं जवळून पाहिली होती. मला त्यांचा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. पण राजापूरच्या मतदारांनी पाठवलेला माणूस भारतीय लोकशाहीच्या सर्वांत कठीण प्रश्नाशी झुंजत होता, हे लहान नाही.

१९७० च्या डिसेंबरअखेर लोकसभा मुदतीआधीच बरखास्त झाली. निवडणूक मार्चमध्ये. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी नाथ पै बोलले. हृदयाचं दुखणं जुनं होतं. त्याच रात्री झटका आला आणि १८ तारखेला ते गेले. वय ४८.

निवडणूक दीड महिन्यावर, उमेदवार गेलेला, समोर इंदिरा गांधींची लाट. प्रजा समाजवादी पक्षाने राजापुरात उभं केलं कोणाला, तर अहमदनगरात जन्मलेल्या, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाला. मधू दंडवते नुकतेच विधान परिषदेवर गेले होते. गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगिजांचा मार त्यांनी खाल्ला होता, पण कोकणाशी ना जातीचं नातं, ना गावाचं, ना भाषेच्या हेलाचं. आजच्या हिशेबात असा उमेदवार अनामत घालवील. राजापूरने त्याला निवडून दिलं. नाथ पैंसाठीच्या दुःखाचा त्यात वाटा होता, हे मान्य. पण दुःख एका निवडणुकीपुरतं पुरतं. दंडवते पुढे आणखी चार वेळा आले. १९७१ च्या त्याच मार्च महिन्यात अप्पासाहेब पटवर्धनही गेले. ज्यांनी ही भूमी तयार केली ती पिढी सरत होती आणि पीक दंडवत्यांच्या हाती येत होतं.

दंडवत्यांनी ते सांभाळलं. आणीबाणी लागली तेव्हा, २६ जून १९७५ ला, ते वाजपेयी, अडवाणींबरोबर बंगलोरमध्ये होते, पक्षांतरबंदीच्या विधेयकावरच्या संसदीय समितीच्या कामासाठी. तिथेच सगळ्यांना अटक झाली. प्रमिला दंडवते येरवड्यात. दोन तुरुंगांतल्या नवरा-बायकोचा पत्रव्यवहार आणि बाहेर खासदार नसलेला मतदारसंघ. १९७७ मध्ये झोपडी या जुन्या चिन्हाऐवजी नांगरधारी शेतकऱ्याचं चिन्ह आलं, पक्षाचं नावही बदललं, पण लोकांना माणूस ओळखीचा होता. दंडवते जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी बसवली ती त्यांच्या काळात. १९७४ च्या रेल्वे संपात काढून टाकलेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. ज्याच्या मतदारसंघात रेल्वेचा एक रूळही नव्हता, त्या माणसाने देशातल्या सामान्य प्रवाशाची पाठ जरा मऊ बसवली. कोकणासाठी आपट्याहून रोह्यापर्यंतच्या मार्गाचं काम त्यांनी पुढे सरकवलं. रोहा राजापूरपासून खूप उत्तरेला. पण दक्षिणेकडे जायचं तर रूळ रोह्यावरूनच जाणार होता.

इथल्या मतदाराचा एक विशेष निरीक्षकांच्या नजरेतून बरेचदा सुटतो. तो विधानसभेला आणि लोकसभेला वेगवेगळा विचार करायचा. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले काँग्रेसच्या तिकिटावर विधानसभेत गेले, आणि त्याच गावांनी लोकसभेला समाजवाद्याला मत दिलं. रस्ता, पाणी, शाळेच्या खोल्या यासाठी मुंबईला सत्तेतला माणूस, आणि दिल्लीला बोलणारा माणूस. ही वाटणी कुणी ठरवून केली नसेल, पण ती दिसते.

१९८० आणि १९८४ हे दोन्ही विजय मला १९७१ पेक्षा मोठे वाटतात. १९८० ला जनता पक्षाची दिल्लीत अब्रू गेली होती. १९८४ ला तर देशभर विरोधी पक्ष झोपला. कोकणपट्टीत मात्र दोन जागी काँग्रेस हरली: कुलाब्यात शेकापचे दि. बा. पाटील आणि राजापुरात दंडवते. याच काळात पायाखालची वाळू सरकायला लागली होती. १८ जानेवारी १९८२ ला, नाथ पैंच्या स्मृतिदिनीच, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक जण परत आत गेलेच नाहीत. कोकणातल्या हजारो घरांची मनीऑर्डर थांबली. कुणी गावी परतले, कुणी मुंबईत रिक्षा चालवायला, फेरीवाल्याचं काम करायला लागले. युनियनचं ऑफिस बंद पडलं, चाळीतली वाचनालयं ओस पडली. गिरणगावातल्या तरुण पोराला आता जवळची वाटत होती ती शिवसेनेची शाखा. नोकरीची ओळख, दवाखान्यात खाट, भांडणात पाठीशी माणसं, सगळं तिथून मिळत होतं. सेनेची स्थापना १९६६ ची, पण कोकणच्या गावांत ती खऱ्या अर्थाने पोचली ती या संपानंतर, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर. ज्या वाटेने एके काळी लाल बावटा आणि समाजवाद आला होता, त्याच वाटेने भगवा आला.

१९८९ ला दंडवते पाचव्यांदा निवडून आले आणि विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारात अर्थमंत्री झाले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. दोघंही समाजवादी, दोघांनाही कोकण किनारा माहीत. कोकण रेल्वेचं जे काम चाळीस वर्षं ‘परवडत नाही’ म्हणून फायलीत पडलं होतं, ते या जोडीने वर्षाच्या आत उभं केलं. युक्ती अशी की रेल्वेच्या अंदाजपत्रकातून पैसा मागायचाच नाही. वेगळी कंपनी काढायची, तिच्यात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६, आणि बाकीचा पैसा करमुक्त रोख्यांतून बाजारातून उभारायचा. अर्थमंत्र्याची साथ नसती तर हे रोखे निघाले नसते. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि सप्टेंबरमध्ये रोह्याला पायाभरणी झाली. नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं.

पुढच्याच निवडणुकीत, १९९१ च्या उन्हाळ्यात, दंडवते राजापुरात हरले.

रेल्वे आणणारा माणूस रेल्वेचं काम सुरू असताना हरला. यात मतदारांचा कृतघ्नपणा पाहणारे पाहतात. मी नाही पाहत. राजीव गांधींच्या हत्येने काँग्रेसला सहानुभूती मिळाली होती आणि महाराष्ट्रात ४८ पैकी ३८ जागा तिला मिळाल्या. पण सहानुभूती १९८४ लाही होतीच. खरी गोष्ट अशी की सेना-भाजपमुळे काँग्रेसविरोधी मत आता समाजवाद्यांच्या एकट्याच्या मालकीचं राहिलं नव्हतं. १९९० च्या विधानसभेत मालवणातून शिवसेनेचे नारायण राणे निवडून आले होते, मुंबईत चेंबूरमध्ये शाखाप्रमुख आणि नगरसेवक राहिलेला तरुण. त्या वर्षांतला प्रचार वेगळाच होता. गाड्यांचे ताफे, दमदाटी, आणि १९९१ मध्ये तर कणकवलीत एका राजकीय कार्यकर्त्याचा खून. समाजवाद्यांचे कार्यकर्ते पन्नाशी-साठी ओलांडलेले मास्तर होते. त्यांच्यामागून कुणी तयार झालं नव्हतं, आणि ही चूक मतदारांची नाही, पक्षाची आहे. जनता दल म्हणजे पुढाऱ्यांचं एकत्र येणं आणि फुटणं एवढंच उरलं होतं. सेवा दलाच्या शाखा कधी ओस पडल्या तेही कुणी पाहिलं नाही. काँग्रेसचे सुधीर सावंत, सैन्यातले अधिकारी, निवडून आले. पण तेही मधला टप्पाच ठरले.

१९९६ ला शिवसेनेचे सुरेश प्रभू आले. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, सहकारी बँकिंगमध्ये नाव कमावलेले, मृदू बोलणारे. शाखेच्या राजकारणात न बसणारा हा माणूस सेनाप्रमुखांनी राजापूरला दिला, आणि मला त्यात जुन्या परंपरेचा धागा दिसतो: या मतदारसंघाला दिल्लीत शोभेल असा माणूस लागतो, हे बाळासाहेबांना कळलं होतं. प्रभू १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे चार वेळा निवडून आले, वाजपेयींच्या सरकारात पर्यावरण आणि मग ऊर्जा खातं त्यांनी सांभाळलं, आणि काम चांगलं चाललेलं असताना २००२ मध्ये पक्षाच्या आदेशावरून मंत्रिपद सोडलं. दिल्लीत बोलणारा माणूस आता मतदारांना नव्हे, पक्षाला उत्तर देत होता. दरम्यान २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचे ७४१ किलोमीटर गाड्यांसाठी खुले झाले. मुंबईचा प्रवास रात्रभराचा झाला. मनीऑर्डरचा काळ त्याआधीच संपला होता.

२००५ हे वर्ष या कथेतलं शेवटचं मोठं वळण. १९९९ मध्ये काही महिने मुख्यमंत्री राहिलेले राणे त्या वर्षी शिवसेनेतून बाहेर पडून काँग्रेसमध्ये गेले. नोव्हेंबरमध्ये मालवण विधानसभेची पोटनिवडणूक लागली. सेनेचे नेते, काँग्रेसचे नेते, राज्यभरातले कार्यकर्ते आणि पोलीस अशी सगळी फौज त्या चिमुकल्या बंदराच्या गावात उतरली. राणे प्रचंड मतांनी जिंकले, सेनेच्या उमेदवाराची अनामतही गेली. त्याच नोव्हेंबर महिन्याच्या १२ तारखेला मुंबईत मधू दंडवते वारले. देहदान करून गेले.

२००८ च्या पुनर्रचनेत राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून पुसलं गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा नवा मतदारसंघ झाला. २००९ मध्ये तिथे राणेंचे पुत्र नीलेश, तिशीही न गाठलेले, काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि त्यांनी सुरेश प्रभूंना हरवलं. मग २०१४ आणि २०१९ या दोन्ही वेळा शिवसेनेच्या विनायक राऊतांनी नीलेश राणेंना मोठ्या फरकाने हरवलं. मधल्या वर्षांत प्रश्न तर मोठे आले: जैतापूरचा अणुप्रकल्प, ज्याच्या आंदोलनात २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला, नाणारची तेल शुद्धीकरणाची योजना, जी २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर गुंडाळली गेली आणि नंतर बारसूच्या नावाने परत आली, पर्ससीन जाळ्यांविरुद्ध मालवणच्या रापणकरांचा लढा. या प्रश्नांवर गावं भांडली, बायका कातळावर आडव्या झाल्या. पण निवडणूक झाली ती राणे हवेत की नकोत यावर. २०२४ ला भाजपचे कमळ घेऊन स्वतः नारायण राणे उभे राहिले, राऊतांच्या हाती ठाकरे गटाची मशाल होती, आणि सेनेचा जुना धनुष्यबाण यादीत नव्हताच. राणे सुमारे ४८ हजार मतांनी जिंकले. त्याच नारायण राणेंना २०१४ मध्ये कुडाळच्या मतदारांनी विधानसभेत पाडलं होतं, हेही विसरून चालणार नाही. इथला मतदार अजूनही कुणाच्या खिशात नाही.

बदललं ते उमेदवारांचं मोजमाप. नाथ पै आणि दंडवते यांना विचारलं जायचं, तुम्ही संसदेत काय बोललात. आता विचारलं जातं, तुमच्यामागे किती माणसं आहेत. हा बदल साऱ्या देशात झाला, एकट्या कोकणात नाही. पण कोकणाने ३४ वर्षं त्याला दाद दिली नव्हती, म्हणून इथे तो अधिक खुपतो.

सावंतवाडी रोड स्थानकावर टर्मिनसची पायाभरणी २०१५ मध्ये झाली, तेव्हा रेल्वेमंत्री होते सुरेश प्रभू, म्हणजे राजापूरने कधी काळी निवडून दिलेले दुसरे रेल्वेमंत्री. काम रखडलं. त्या टर्मिनसला मधू दंडवत्यांचं नाव द्यावं अशी कोकणातल्या प्रवाशांची मागणी आहे. सिंधुदुर्गातल्या आणि मुंबईतल्या वाचकांनी, कुठल्याही पक्षाचे असोत, ही मागणी आपल्या आमदार-खासदाराकडे लेखी करावी: टर्मिनस पुरं करा, आणि त्याच्या फाटकावर ज्याने ही रेल्वे आणली त्या माणसाचं नाव लावा.